टेलगेटिंगसाठी वाइन चिलर घेताना बोधचिन्हाआधी बाटलीचे माप पाहावे

नमस्कार ताई. आपले जावई मिशिगन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असून अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला, सामन्यांना जातात. त्यांना विद्यापीठाचा ‘एम’ असलेला वाइन चिलर, म्हणजे वाइनची बाटली ठेवायचे स्टीलचे भांडे, द्यावा का, आणि त्यात सकाळी ठेवलेली बाटली दुपारपर्यंत थंड राहील का, असे आपण विचारले आहे. भेट अवश्य द्यावी. बरेच सामने दुपारी १२ वाजता सुरू होतात, त्यामुळे वाहनतळावर तंबू ठोकून, शेगडी पेटवून चालणारे टेलगेटिंग, म्हणजे सामन्याआधीचे खाणेपिणे, सकाळपासूनच रंगते, आणि सप्टेंबरच्या उन्हात उघड्यावर ठेवलेली बाटली पाहता पाहता कोमट होते.

मात्र एक गोष्ट जावईबापूंना आवर्जून सांगावी: नाव चिलर असले तरी ही वस्तू बाटली थंड करत नाही, थंड बाटलीला थंड राखते. स्टीलच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असल्याने बाहेरची उष्णता आत फार सावकाश शिरते, एवढेच तिचे काम. म्हणून बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवावी. विसरल्यास बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ यांत बुडवली तर साधारण अर्ध्या तासात ती पुरेशी गार होते. पांढरी वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअसला चांगली लागते, त्यामुळे फ्रिजमधून ४-५ अंशांवर निघालेल्या बाटलीच्या हाताशी बराच वेळ उरतो.

खरी गळती वरच्या तोंडातून होते. उघड्या नळकांड्यासारख्या चिलरमध्ये बाटलीच्या खांद्याभोवती गरम हवा खेळत राहते. ज्यात बाटली ठेवून वरून आट्यांचे कडे फिरवून बसवता येते आणि फक्त मान बाहेर राहते, तो चिलर माझ्या मते निःसंशय सरस आहे. त्यातून बाटली बाहेर न काढताच वाइन ओतता येते, आणि बाटली अर्धी झाल्यावर, जेव्हा उरलेली वाइन अधिक वेगाने तापू लागते, तेव्हा या कड्याचा खरा उपयोग होतो.

पण हे कडे प्रत्येक बाटलीला बसत नाही. सरळ खांद्यांची बोर्दो बाटली साधारण साडेसात सेंटिमीटर व्यासाची असते आणि बहुतेक चिलर तिच्याच मापाने बनतात. शार्डोने या पांढऱ्या वाइनची उतरत्या खांद्यांची बाटली आणि शॅम्पेनची बाटली याहून रुंद असतात. मिशिगनच्या उत्तर भागात, ट्रॅव्हर्स सिटीच्या परिसरात, रीसलिंग ही पांढरी वाइन उत्तम होते. तिची बाटली सडपातळ पण उंच असते, म्हणून व्यास जुळूनही कडे नीट बसेलच असे नाही. जावईबापूंची आवडती वाइन कोणती, हे मुलीकडून आधी काढून घ्यावे.

चिलर घरी आल्यावर त्यात कढत पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावून पाहावा. काठाजवळ ऊब लागणे स्वाभाविक आहे, कारण तिथे दोन्ही भिंती जुळतात. पण मधला भाग तापला तर निर्वात पोकळी बिघडलेली आहे, वस्तू परत करावी. बोधचिन्ह लेझरने कोरलेले असावे, चिकटवलेली चकती धुण्यापुसण्यात सुटते. अधिकृत परवान्याची खूणचिठ्ठीही पाहून घ्यावी.

मिशिगन स्टेडियममध्ये बाहेरच्या बाटल्या आणि पिशव्या नेऊ देत नाहीत, तेव्हा चिलर गाडीतच राहणार. त्यात उघडलेली बाटली असेल, मग तिला बूच परत लावलेले का असेना, तर ती डिकीतच ठेवावी. प्रवाशांच्या हाताशी असलेली उघडी बाटली मिशिगनच्या कायद्यात गुन्हा आहे. काही वाहनतळांवर काचेलाच बंदी असते, हेही आधी विचारून घ्यावे.

नोव्हेंबरअखेरीस प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना अ‍ॅन आर्बरला असतो त्या वर्षी थंडी कडाक्याची असू शकते. त्या दिवशी हाच चिलर रेड वाइनला उपयोगी पडतो: बाटली घरून १६ अंशांच्या आसपास न्यावी, म्हणजे ती गारठत नाही.