कसारा लोकल पकडण्याआधी

दादर, बुधवार रात्र

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलने निघतेस, असं तुझी आई म्हणाली. रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, मग तोलार खिंडीतून खिरेश्वर. सगळं डोंगरातून पायी, तीन मुक्काम, सहा जण, आणि त्यातल्या चौघांना तू जेमतेम ओळखतेस. म्हणून हे पत्र.

१९९८ च्या डिसेंबरात आम्हीही सहा जण कात्राबाईची खिंड चढत होतो. एक जण सारखा मागे पडायचा. आम्ही पुढे जाऊन सावलीत बसायचो, पाणी प्यायचो, आणि तो पोचला की 'चला, आला' म्हणत उठायचो. म्हणजे जो सगळ्यात जास्त दमला होता, त्यालाच विसावा नव्हता. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. मी त्या पाहिल्या आणि काही बोललो नाही. कुमशेतकडे उतरताना त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. बाटली केव्हाच रिकामी झाली होती, पण नव्या मंडळींत मागायचं कसं, म्हणून तो गप्प राहिला. सहाच्या सुमाराला दिवस मावळला. उरलेली वाट आम्ही टॉर्चच्या उजेडात, त्याला धरून उतरलो. ते अजून मला लागतं.

तेव्हा शेवटचा माणूस आला की त्याची सॅक उतरू दे, पाणी पिऊ दे, श्वास बसू दे. मगच उठा. तू दमलीस तर पहिल्या चढावरच सांग. लाजू नकोस.

सामान सारखं वाटू नका. ज्याला झेपेल त्याच्याकडे स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ जास्त द्या. माणशी तीन लिटर पाणी हवंच, आणि वाडी लागली की बाटल्या भरून घ्या, डिसेंबरात पुढचा ओढा कोरडा निघू शकतो. नवे बूट मुळीच नकोत. टाच नुसती गरम लागली तरी थांबून पट्टी लाव, फोड यायची वाट बघू नकोस. अत्तर, सेंट घरी ठेव. कड्यांना आग्या मोहोळं असतात, वासाने माश्या चवताळतात.

वाटाड्या मात्र गावातलाच घ्या. कारवीच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलवरच्या नकाशाचा भरवसा नाही. त्या वाटाड्या मामांना आधी चहा विचार, मग वाट.

रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, थोडा वेळ बस. तिथून १६४६ मीटरचं कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांची रांग दिसेल.

आणि एक कर. कसाऱ्याला जीपमध्ये चढताना ज्याला तू सगळ्यात कमी ओळखतेस, त्याच्याशेजारी बस. रतनवाडीपर्यंत गप्पा झाल्या, तर खिंडीत पाणी संपल्यावर तो तुला सांगेल.

तुझा,
काका