रानडुक्कर बघायला निघालास तर

येडशीच्या रामलिंग घाटात जायचं म्हणतोस, तर आधी डोक्यातून टीव्हीवरचा वॉर्टहॉग काढ. तो आफ्रिकेतला रानटी डुक्कर; शेपूट ताठ करून पळतो, पुढचे गुडघे टेकून चरतो. आपल्या रानडुकराला मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ असते.

जनावरामागं धावू नको, माग बघ. ओढ्याच्या चिखलात दोन खुरांमागं, जरा बाहेरच्या अंगाला, आणखी दोन बारके ठसे उठले असतील तर ते डुक्कर. मग जवळच्या बाभळीचं खोड बघ. मांडीएवढ्या उंचीवर वाळलेला चिखल आणि त्यात अडकलेले टोकाला फाटलेले केस सापडतील. त्याला घाम जवळपास येतच नाही, म्हणून उन्हाळ्यात ते चिखलात लोळतं आणि नंतर खोडाला अंग घासतं. हे वाचता आलं की मला तरी जनावर दिसल्याएवढाच आनंद होतो.

कळप माद्या-पिल्लांचा, थोराड नर बहुधा एकटा. पट्टेरी पिल्लं दिसली की हळूच मागं सर, आई जवळच असते. विण्याआधी ती गवताचं घरटं करते. तसला ढीग उचकू नको.

आणि रात्री कुणाच्या मक्यात, भुईमुगात शिरू नको. धुऱ्यावर विजेच्या झटक्याची तार असते. आधी मालकाला विचार, डुकराची वाट त्यालाच चांगली माहीत असते.