पायातली प्लेट आतून गंजते का?

प्रश्न : नडगीचं हाड मोडलं म्हणून वडिलांच्या पायात 8 वर्षांपूर्वी स्टीलची प्लेट आणि 7 स्क्रू बसवले. ते गंजत असतील का? काढावेत का?

उत्तर : लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. हे स्टील बहुधा 316एल या प्रकारचं स्टेनलेस स्टील असतं. त्यातल्या सुमारे 18 टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. राखण तोच करतो. गंजायची खरी कमकुवत जागा म्हणजे स्क्रूचं डोकं प्लेटच्या भोकात टेकतं ती. पावलागणिक तिथे सूक्ष्म घर्षण होतं, पापुद्रा खरवडला जातो. फटीत ऑक्सिजन कमी आणि शरीरद्रवातलं क्लोराइड साचलेलं, त्यामुळे तो नीट भरून येत नाही. काढलेल्या प्लेटच्या भोकाशी कधी बारीक खड्डे दिसतात, भोवतीचं मांस काळपट असतं, ते यामुळेच. टायटॅनियम कमी गंजतं, पण हाड त्याला घट्ट धरतं आणि काढताना स्क्रूचं डोकं झिजतं.

हाड जुळलंय, त्रास नाही, तर प्लेट राहू द्या. नव्याने दुखलं, सूज आली, जखमेच्या जागी पाणी झिरपलं, तर मात्र लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढा. या स्टीलमध्ये निकेलही असतं, त्यामुळे निकेलची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. प्लेट काढलीच, तर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही महिने धावणं, उड्या नकोत. हाड तिथेच पुन्हा मोडू शकतं.