सीनिअर मॅडमना काम सांगू कसं?

"मॅडम, माझ्यात लीडरशिप नाहीच हो." नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या कितीजणींकडून हे ऐकलं असेल! २०२१-२२ पासून बी.एस्सी. नर्सिंगला सेमिस्टर पद्धत आली. चार वर्षांत आठ सेमिस्टर, त्यांच्या परीक्षा, विद्यार्थिनींच्या वॉर्डातल्या पोस्टिंगची आखणी... मग एखाद्या तरुण शिक्षिकेच्या गळ्यात कोऑर्डिनेटरपद पडतं. लीडरशिपची कार्यशाळाही होते. तिचं सर्टिफिकेट फाइलला लागतं, एवढाच त्याचा उपयोग, असं माझं मत.

नागपुरात हिंगणा रोडवरून धंतोलीला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अशाच एक कोऑर्डिनेटर बाई (ओळख बदलली आहे) आधी सात वर्षं आयसीयूत होत्या. आता रोटेशन प्लॅन, म्हणजे कोणती तुकडी कधी कुठल्या वॉर्डात जाणार याचा तक्ता, घरी नेऊन रात्री अकरापर्यंत एकट्याच करत बसायच्या.

"मीच करून राहिले सगळं. ज्यांनी मला सलाइन लावायला शिकवलं, त्यांना काम सांगू कसं?"

दोन भेटी मी ठामपणे बोलायचा सराव घेतला. पार फुकट. उत्तर माणसाजवळच असतं, हा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचा विश्वास मी मानते, तरी घाईत विसरते. तिसऱ्या भेटीत सरळ आयसीयूबद्दल विचारलं.

"नाइट संपली की?"

"हँडओव्हर. पुढच्या ड्यूटीच्या नर्सला सांगायचं, पेशंट आत्ता कसा आहे, आधी काय झालं, मला काय वाटतं, पुढे काय करायचं."

"घेणारी सीनिअर असली तर?"

"असायचीच."

"मग संकोच?"

त्या हसल्या. "पेशंटपुढे कसला संकोच, मॅडम?"

मग बराच वेळ खोलीत फक्त कूलरचा आवाज. मी मधे बोलले नाही, आणि ते न बोलणं मला आजही बरं वाटतं.

"रोटेशन प्लॅनचा पण हँडओव्हर देता येईल का?" त्यांनीच विचारलं.

तेव्हापासून मी अशा सगळ्यांना हेच सांगते. "जमलं तर बघता का?" असं चाचरत विचारू नका. काय झालंय, कुठे अडलंय, कधीपर्यंत हवंय, अडचण आली तर कुणाला विचारायचं, एवढं स्पष्ट सांगा. आणि सांगून झाल्यावर तिथून निघा. हँडओव्हर देऊन कोणी दर तासाला वॉर्डात डोकावतं का?

पुढच्या भेटीत बाई आल्या त्या सांगतच. सीनिअर मॅडमनी प्लॅन घेतला, त्यातल्या दोन चुका काढल्या आणि म्हणाल्या, "आधीच द्यायचा ना, बाप्पा! मला वाटलं, तुझा माझ्यावर भरवसाच नाही."