गायक नाही, मग बँड कसला?

प्रश्न : आम्ही चौघे. दोन गिटार, बेस, ड्रम्स. गाणारं कुणीच नाही. नोकऱ्या सांभाळून सहा वर्षं स्वतःचं वाजवतोय. आता एकाचं लग्न ठरलंय आणि सासरचे विचारतात, 'शब्दच नाहीत, तर यात पुढे काय?' गायक शोधावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माझी उमेदीची वर्षं गेली साउंडच्या मिक्सरमागे. एका गॅदरिंगला असाच बिनगायकाचा बँड होता. त्यांचे दोन तुकडे वाजून झाले, तसे आयोजक माझ्या कानाशी आले. "चेकिंग पुरे, आता सिंगरला बोलवा."

तरी सांगतो, गायक शोधू नका. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' हा बिनगायकाचाच बँड ऐका. १९९९ मध्ये इलिनॉयहून आलेल्या ड्रमरने पत्रक चिकटवलं, की दुःखी पण विजयी रॉक बँड हवाय. (असली जाहिरात आपल्याकडे कुणी छापेल?) टेक्सासच्याच मिडलंड गावचे तीन मित्र येऊन मिळाले आणि तेच चौघे आजही वाजवतात. पहिल्या अल्बमच्या जेमतेम ३०० सीडी काढल्या होत्या. मग ओळखीच्या एका बँडने त्यांचं रेकॉर्डिंग टेम्पररी रेसिडेन्स या छोट्या लेबलला ऐकवलं.

२००४ मध्ये त्यांना 'फ्रायडे नाइट लाइट्स' या चित्रपटाच्या संगीताचं काम मिळालं. चित्रपट ओडेसातल्या शालेय फुटबॉलचा, आणि ओडेसा म्हणजे मिडलंडचं शेजारगाव. मुलूख ओळखीचा होताच, पण गायक नसणंही इथे कामी आलं. पात्रं बोलत असताना मागे कुणी गायलं की शब्दावर शब्द आदळतात. गिटार खुशाल चालू राहते.

लग्नाचं म्हणाल, तर संसाराला सवड मिळते: २००३ नंतर त्यांचे स्वतःचे मोठे अल्बम आले २००७, २०११, २०१६ आणि २०२३ मध्ये. शेवटच्या दोहोंमध्ये एखादं मूल जन्मून दुसरीत जाईल!

कागदपत्रं मात्र आत्ताच करा. संगीतकार म्हणून चौघांची नावं लावा, आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा. चित्रपटाचं काम आलं तर करार नीट वाचा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. तरी तसं कलम पुढे करणारे भेटतात.

आणि मित्राच्या लग्नात जरूर वाजवा. सिंगर कधी येणार, हे सासरचे विचारतीलच.