पुढून २५ दिसतो, मागून गायब!

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. जावामध्ये डबली लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक कप्प्याला (नोडला) पुढच्याचा (नेक्स्ट) आणि मागच्याचा (प्रीव्ह) पत्ता माहीत असलेली यादी, लिहायची असाइनमेंट आहे. लिस्टमध्ये १०, २०, ३० टाकले आणि मग २० च्या पुढे २५ घुसवला. सरळ प्रिंट केली की १०, २०, २५, ३० असं बरोबर येतं, पण शेवटाकडून उलटी प्रिंट केली की ३०, २०, १०. दोन दिवस झाले, २५ कुठे जातो तेच कळेना. एररपण येत नाहीये. नोडचा क्लास वेगळा केलाय, सगळं प्रायव्हेट ठेवून गेटर-सेटर (आतलं वाचायच्या-बदलायच्या मेथड) दिलेत. काय चुकतंय?
(एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : एरर येत नाहीये हेच तर दुखणं आहे रे. आली असती तर निदान लाईन नंबर तरी मिळाला असता. २५ कुठेही गेलेला नाही, आहे तिथेच आहे, फक्त ३० ला त्याचा पत्ता नाहीये. कोड तू पाठवला नाहीस, पण लक्षणावरून सांगतो, ३० चा प्रीव्ह अजून २० कडेच बोट दाखवतोय. सरळ जाताना प्रीव्ह कोणी बघतच नाही म्हणून तिकडून सगळं छान दिसतं.

मैदानावर पोरं हातात हात धरून उभी आहेत आणि मध्ये एक नवीन पोरगा शिरला असं समज. तिथे एकाने हात धरला की दोघांचाही धरला जातो, जावात तसं नसतं, इथे प्रत्येकाने आपापला हात वेगळा द्यायचा. म्हणजे नव्याचे दोन हात आणि शेजारच्या दोघांचा एकेक, असे चार. तू बहुतेक त्यातला ३० चा हात विसरलायस. आता हे चार नुसते करून भागत नाही, क्रमपण लागतो. आधीचा म्हणजे २० चा नोड धरला तर असं लिही :

नवा.प्रीव्ह = आधीचा
नवा.नेक्स्ट = आधीचा.नेक्स्ट
आधीचा.नेक्स्ट.प्रीव्ह = नवा
आधीचा.नेक्स्ट = नवा

शेवटची ओळ शेवटीच. ती सगळ्यात वर नेलीस तर काय होईल ते एकदा मुद्दाम करून बघ, कारण मग दुसऱ्या ओळीत आधीचा.नेक्स्ट हा नवाच असतो, म्हणजे नव्याचा नेक्स्ट तो स्वतःच, आणि सरळ प्रिंट केलीस की १०, २०, २५, २५, २५ करत स्क्रीन भरून जाते आणि ३० पर्यंत सरळ जायचा रस्ताच तुटलेला असतो. हे मी स्वतः केलंय, परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि तेव्हा मला कॉम्प्युटरच बिघडलाय असं वाटलं होतं.

दुसरं म्हणजे ते गेटर-सेटर. व्हेरिएबल प्रायव्हेट करून सेटर देणं हे कॉलेजात इतकं घोकून घेतात की विचारायची सोय नाही, पण इथे ते मला पटत नाही. सेटनेक्स्ट ही मेथड एकच बाजू जोडते ना? म्हणजे ती बोलावली त्या क्षणी लिस्ट अर्धवट असते, आणि दुसरी बाजू जोडायची आठवण कोणी ठेवायची तर मेन लिहिणाऱ्याने. त्यापेक्षा नोडचा क्लास लिस्टच्या क्लासच्या पोटात प्रायव्हेट स्टॅटिक करून टाक, बाहेर त्याचं नावसुद्धा दिसता कामा नये. जोडणारी एक मेथड आणि तोडणारी एक, एवढ्या दोनच ठिकाणी नेक्स्ट-प्रीव्हला हात लागेल. बाकी ॲडफर्स्ट, ॲडलास्ट, रिमूव्ह सगळ्यांनी या दोघींनाच बोलवायचं. स्टॅटिक मात्र विसरू नकोस, नाहीतर जावा १७ पर्यंतच्या कंपायलरमध्ये प्रत्येक नोड आपल्या लिस्टचा एक छुपा रेफरन्स (पत्ता) उगाच बाळगत बसतो.

आता तू विचारलं नाहीस तरी पुढच्या आठवड्यात विचारशीलच, म्हणून सांगून ठेवतो. वरचाच कोड ३० च्या पुढे ४० टाकायला वापरलास तर आधीचा.नेक्स्ट नल (म्हणजे काहीच नाही) असतो आणि तिसऱ्या ओळीवर नलपॉइंटरएक्सेप्शन. मग लोक इफ लावत सुटतात, पहिला असेल तर, शेवटचा असेल तर, एकटाच असेल तर, रिकामी असेल तर. त्याऐवजी कन्स्ट्रक्टरमध्येच दोन डमी नोड तयार करून ठेव, एक पुढे एक मागे, त्यांच्यात डेटा नाही. खरे नोड कायम या दोघांच्या मध्ये राहतात, त्यामुळे प्रत्येकाला दोन्हीकडे शेजारी असतोच आणि ते सगळे इफ गळून पडतात. काढतानापण दोनच ओळी, डावीकडच्याला उजवीकडचा दाखवायचा आणि उजवीकडच्याला डावीकडचा. प्रिंट करताना तेवढं डमीपाशी थांब. ही काही माझी आयडिया नाही, जावाच्या स्वतःच्या लिंक्डलिस्ट क्लासमध्ये जावा ६ पर्यंत असाच एक हेडर नोड होता, जावा ७ मध्ये तो काढून फर्स्ट आणि लास्ट आले.

आणि तपासायला प्रिंटवर विसंबू नकोस. प्रत्येक नोडला एकच प्रश्न विचारणारा लूप लिही : तुझ्या नेक्स्टचा प्रीव्ह तूच आहेस का? तुझ्या लिस्टमध्ये २५ पाशीच नाही असं उत्तर आलं असतं, दोन दिवस गेले नसते.

प्रश्न : मी सहा वर्षं जावावर काम करतेय, एकदाही लिंक्ड लिस्ट हाताने लिहावी लागली नाही, सगळीकडे ॲरेलिस्ट (सलग जागेत ठेवलेली यादी). तरी इंटरव्ह्यूला हेच का विचारतात?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, तुमची तक्रार अगदी रास्त आहे. ज्यांनी जावाची लिंक्डलिस्ट लिहिली त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २०१५ मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की मी ती स्वतः कधी वापरत नाही. कारण साधं आहे. नेहमीच्या ६४ बिटच्या जावात ॲरेलिस्टला एका वस्तूमागे ४ बाइटचा रेफरन्स पुरतो, लिंक्डलिस्टचा एकेक नोड २४ बाइट खातो, आणि वर ते नोड मेमरीत कुठेही विखुरलेले. पाचशेवा आयटम हवा तर एकेक नोड ओलांडत जायचं, फार तर जे टोक जवळ असेल तिकडून सुरुवात होते एवढीच सूट.

पण नोड आधीच हातात असेल तर तो मधून काढायला दोन ओळी लागतात, लिस्टमध्ये दहा असोत की दहा लाख. इंटरव्ह्यूमधला एलआरयू कॅशचा (जागा संपली की सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं काढून टाकणारा साठा) प्रश्न यावरच उभा आहे. हॅशमॅपमधून (किल्ली दिली की थेट वस्तू देणारा तक्ता) नोड मिळवायचा, जागेवरून उचलून पुढे लावायचा, जागा संपली की शेपटीचा काढून टाकायचा. आणि तुम्ही लिंक्डहॅशमॅप कधी वापरला असेल तर डबली लिंक्ड लिस्ट तुम्ही वापरलेलीच आहे, ती त्याच्या आतच असते. त्याच्या कन्स्ट्रक्टरला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्या आणि रिमूव्हएल्डेस्टएन्ट्री ओव्हरराइड करा, पाच-सात ओळीत एलआरयू कॅश तयार. इंटरव्ह्यूला मात्र हे आधी सांगून मग हातानेच लिहा, नाहीतर समोरचा हमखास म्हणतो, ते ठीक आहे, पण लायब्ररी नसेल तर?

प्रश्न : दोन नोड एकमेकांना धरून बसले तर लिस्ट टाकून दिल्यावर मेमरी मोकळी होते का?
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : जावात होते. तिथला गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी परत घेणारा) चालू प्रोग्रॅमपासून कुठवर पोचता येतं ते बघतो, आपसात धरून बसलेल्यांना विचारत नाही. सी प्लस प्लसमध्ये मात्र दोन्ही बाजूंना शेअर्ड पॉइंटर (वस्तूला किती जण धरून आहेत ते मोजणारा) लावलेस तर एकमेकांमुळे दोघांचा काउंट शून्यावर येतच नाही आणि मेमरी अडकते. तिथे नेक्स्ट शेअर्ड ठेव आणि प्रीव्हला वीक पॉइंटर दे, तो या मोजणीत धरला जात नाही.