‘बारकादा’ मालवणीत कसा आणावा?

प्रश्न : माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला असून, त्यांच्या फिलिपिनो सहकाऱ्यांनी सुचवलेला ‘आय ॲम ड्रंक, आय लव्ह यू’ (२०१७) हा जे. पी. हाबाक यांचा चित्रपट आम्ही मैत्रिणींनी इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिला. पदवीदान तोंडावर आलेले असताना मित्रमंडळी ला युनियनच्या समुद्रकिनारी जातात आणि कार्सन सात वर्षे दडवून ठेवलेले प्रेम जिवलग मित्र दिओपुढे उघड करू पाहते, एवढीच गोष्ट. गॅदरिंगसाठी तिच्यावरून मालवणी एकांकिका लिहायला घेतली आहे. परंतु संवाद वाचताना कोणीच हसत नाही. काय चुकते आहे?
— एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : उपशीर्षकांत उरते तेवढेच आपण मालवणीत उतरवले असावे. तिकडची तरुण मुले एकाच वाक्यात तागालोग आणि इंग्रजी मिसळून बोलतात, ज्याला ‘टॅगलिश’ म्हणतात, आणि एका भाषेतून दुसरीत केव्हा उडी मारली यावर पुष्कळदा गंमत अवलंबून असते. हृदयातून उपसून काढल्यासारख्या वाक्याला तेथे ‘हुगोत’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थच ओढून बाहेर काढणे असा आहे.

आपल्याकडे ही उडी मालवणीतून प्रमाण मराठीत पडते. प्रवेशभर मित्राला ‘मेल्या’ म्हणत, ‘तुझ्या तोंडात शिरा पडो’ असा उद्धार करणारी मुलगी एकाएकी थांबून, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत, ‘मला तुझ्याशी थोडे बोलायचे आहे’ असे शुद्ध मराठीत म्हणाली, की काय घडणार ते प्रेक्षकांना तिच्याआधी कळेल. मित्राला मात्र कळता कामा नये. त्याने ‘गो, ताप इलो काय तुका?’ एवढेच विचारावे.

मित्रांच्या टोळक्याला तेथे ‘बारकादा’ म्हणतात. होडीभर माणसे अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून तो आला आहे, म्हणून रापण ओढणाऱ्यांच्या गावात त्याचे भाषांतर शोधत बसण्याची गरज नाही. चित्रपटातल्यासारखे चार वर्षांच्या पदवीला सात वर्षे लागणे आपल्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागणार नाही; ‘केटी’ हा एक शब्द पुरेल.

स्थळ मात्र बदलावे. मनिलाकडच्या मुलांना ला युनियनचा किनारा म्हणजे सुटका वाटते, तर मालवणच्या मुलांना समुद्र दारातच असल्याने ती घाट चढून आंबोलीला जातील. दारूच्या प्रवेशांना प्राचार्य कात्री लावतील हे उघड आहे, आणि सोलकढी कितीही प्यायली तरी चढत नाही. तेव्हा धीर गोळा करण्याचे काम पावसावर आणि परतीची शेवटची एसटी चुकण्यावर सोपवावे. कथा मुळाबरहुकूम ठेवणार असाल, तर निर्मात्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. केवळ कल्पनेचा धागा घेऊन पात्रे आणि प्रसंग स्वतःचे रचणे मला अधिक रास्त वाटते, आणि त्याची सुरुवात आंबोलीच्या स्थानकावर, गाडी गेल्यानंतरच्या गजालीपासून करावी.